कोरड्या मातीतील जलचर

कोकणात समुद्रकिनारा मागे टाकून घाटाच्या दिशेने चालू लागले, की जांभ्या दगडाची लांबरुंद पठारे लागतात. त्या भागातील लोक त्यांना सडा म्हणतात. वैशाखातला सडा म्हणजे तापलेला तवाच. दूरवर झाड नाही, सावली नाही. काळवंडलेला खडक, त्यावर करपलेले गवत आणि मधूनमधून उथळ खळगे, एवढेच काय ते दृष्टीस पडते. खळग्यांच्या तळाशी मातीचा एक पातळ थर असतो. पण तोही वाळून, भेगाळून गेलेला. या मातीत जलचर प्राणी आहेत असे कोणी सांगितले, तर ऐकणारा त्याची थट्टाच करील.

पुढे मृगाच्या सरी कोसळतात. खळगे भरतात आणि थोड्याच दिवसांत त्या पाण्यात हालचाल दिसू लागते. ओंजळीत पाणी घेऊन पाहावे, तर करंगळीच्या पेराएवढे, काचेसारखे पारदर्शक प्राणी त्यात पोहत असतात. त्यांची पोहण्याची रीतही न्यारी! पोट वर आणि पाठ खाली. आणि पानांसारख्या चपट्या पायांच्या अकरा जोड्या वल्ह्यांप्रमाणे सारख्या हलत असतात. हे प्राणी कोळंबीच्या दूरच्या नात्यातले आहेत. इंग्रजीत त्यांना ‘परी-कोळंबी’ अशा अर्थाचे नाव आहे आणि आपणही येथे तेच वापरू. सह्याद्रीच्या परिसरात सापडलेल्या त्यांच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी सह्याद्रीचेच नाव दिलेले आहे.

आता प्रश्न असा, की हे प्राणी येथे आले कोठून? सड्यावरील खळग्याला नदी येऊन मिळत नाही. कोठून तरी वाहत यावेत, तर खळगा सर्वांत उंच जागी. चालत यावेत, तर त्यांना जमिनीवर चालता येत नाही. पाण्याबाहेर काढले, की थोड्याच वेळात ते मरतात. मग ते पावसाबरोबर आकाशातून पडतात की काय?

अशा प्रश्नांनी फार जुन्या काळापासून माणसाला कोड्यात टाकले आहे. ग्रीस देशातील थोर विद्वान ॲरिस्टॉटल याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अनेक माशांचा बारकाईने अभ्यास केला. पण अहिरासारख्या लांबट ईल माशाच्या पोटात त्याला अंडी म्हणून सापडली नाहीत. तेव्हा हे मासे चिखलातून आपोआप उत्पन्न होणाऱ्या कृमींपासून होतात, असा निष्कर्ष त्याने काढला. तो चुकीचा होता, हे आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. जिवापासूनच जीव होतो. तरीही सड्यावरील खळग्यापुरते बोलावयाचे झाले, तर चिखलाकडे बोट दाखविणारा माणूस उत्तराच्या बराच जवळ आला होता, असे म्हणावे लागेल. चिखल जीव निर्माण करीत नाही. पण तो जीव सांभाळून मात्र ठेवतो.

परी-कोळंबीचे आयुष्य काही आठवड्यांचेच. तेवढ्या अवधीत मादी अंडी घालते आणि ती तळाच्या चिखलात पडतात. ही अंडी खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. अंड्यातील गर्भाची वाढ काही अंशी होते आणि मग ती एकाएकी थांबते. त्याच्याभोवती एक कठीण, चिवट कवच तयार झालेले असते. खळगा आटतो, आईबाप मरून जातात, चिखलाची माती होते, अंडीही वाळतात. पण वाळणे म्हणजे मरणे नव्हे. मिठागरांत राहणारा आर्टेमिया नावाचा एक प्राणी परी-कोळंबीचा जवळचा नातलग आहे. त्याच्या अंड्यांचा शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांत ट्रेहॅलोज नावाची एक साखर असते. पाणी निघून जाऊ लागले, की ही साखर पेशींतील नाजूक भागांना आधार देते व ते मोडू देत नाही. मत्स्यबीज केंद्रांत आर्टेमियाची वाळलेली अंडी डब्यांत भरून वर्षानुवर्षे ठेवलेली असतात. माशांच्या पिलांना खाद्य हवे असले, की ती खाऱ्या पाण्यात टाकावयाची. एक-दोन दिवसांत त्यांतून जिवंत पिले बाहेर पडतात.

पावसाळ्यापूर्वी, वैशाखातच, कधीकधी वळवाचा जोरदार पाऊस पडून जातो. खळगे भरतात, पण चारच दिवसांत कडक उन्हाने पुन्हा आटतात. त्या एका पावसाला भुलून सगळी अंडी उबली, तर सगळी पिले वाढण्यापूर्वीच मरतील आणि त्या खळग्यातला वंश तेथेच संपेल. परंतु तसे होत नाही. एका पाण्याने काही अंडी उबतात, बाकीची तशीच पडून राहतात. त्यांतील काही पुढच्या पाण्याला उबतात, काही पुढच्या वर्षी, तर काही त्याहीनंतर. पहिल्याच पावसाला घरातले सगळे बियाणे शेतात टाकणाऱ्या शेतकऱ्यावर पावसाने ओढ दिल्यास दुबार पेरणीची पाळी येते, आणि तेव्हा त्याच्या कणगीत दाणा नसतो. परी-कोळंबीच्या कणगीत दाणा सदैव शिल्लक असतो. तिला विचार करता येत नाही हे खरे; पण ज्या वंशांत सगळी अंडी एकदम उबत होती, ते एखाद्या फसव्या पावसात नाहीसे झाले आणि ज्यांत ती मागेपुढे उबत होती, ते टिकले. ही रीत अशा प्रकारे पिढ्यान्‌पिढ्या पक्की होत गेली.

येथे कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा या प्राण्यांनी बारमाही तळ्यात का राहू नये? त्याचे कारण मासे. परी-कोळंबी सावकाश पोहते, तिच्याजवळ काटा नाही की नांगी नाही. मासे असलेल्या तळ्यात तिचा निभाव लागणे कठीण. दरवर्षी आटणाऱ्या खळग्यात मात्र मासे टिकू शकत नाहीत. जो उन्हाळा तिला मारतो, तोच तिच्या वंशाचे रक्षण करतो.

अंडी अशी किती काळ टिकत असतील? अमेरिकेत एका तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या खालच्या थरांतून कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जलचरांची अंडी शास्त्रज्ञांनी काढली. तीनशे वर्षांहूनही जुन्या असलेल्या अंड्यांतून पिले बाहेर पडली! चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या तळातून मिळालेले कमळाचे एक बी सुमारे १३०० वर्षे जुने असूनही रुजले, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. कमळाच्या बीचे कवच इतके कठीण असते, की ते कानशीने घासल्याखेरीज आत पाणी शिरणे अवघड जाते. सायबेरियातील बर्फाने गोठलेल्या जमिनीची गोष्ट तर याहूनही विलक्षण आहे. तेथील सुमारे २४,००० वर्षांपूर्वी गोठलेल्या मातीत रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म प्राणी सापडले. २०२१ साली रशियन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, की बर्फ वितळताच ते पुन्हा हालचाल करू लागले आणि त्यांना संततीही झाली. ते गोठले, तेव्हा जगात कोठेही शेती सुरू झाली नव्हती.

अशा रीतीने एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाणे हा पाण्यातील जिवांचा एक प्रवास झाला. पण एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात ते कसे जातात? तळे हे जमिनीने वेढलेले असते. समुद्रातील बेटावर राहणाऱ्याला भोवतालचे पाणी अडवते, तसे तळ्यातील प्राण्याला भोवतालची जमीन अडवते. असे असूनही परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तळ्यांत त्याच जातीच्या गोगलगायी, त्याच जातीच्या पाणवनस्पती आढळतात. चार्ल्स डार्विन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाला हे कोडे सोडवावेसे वाटले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या विषयावरचे जे प्रयोग दिले आहेत, त्यांना कोणतेही मौल्यवान साहित्य लागत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

एका लहानशा तळ्याच्या काठचा, पाण्याखालील चिखल त्याने तीन ठिकाणांहून मिळून तीन मोठे चमचे आणला. वाळल्यावर त्याचे वजन सुमारे १९० ग्रॅम भरले. हा चिखल त्याने आपल्या अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला आणि त्यातून जे रोप वर येई, ते मोजून उपटून टाकण्याचा क्रम चालविला. सहा महिन्यांत किती रोपे उगवली असतील? ५३७! आणि तो सगळा चिखल एका न्याहारीच्या पेल्यात मावत होता. बगळे, बदके, टिटव्या असे पक्षी दिवसभर अशाच चिखलात वावरतात. त्यांच्या पायांना चिकटलेल्या चिमूटभर चिखलातून किती बिया आणि किती अंडी जात असतील, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

दुसऱ्या प्रयोगात त्याने बदकाचे पाय एका काचेच्या टाकीत लोंबत ठेवले. त्या पाण्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या अंड्यांतून पिले बाहेर पडत होती. थोड्याच वेळात बारीक पिले त्या पायांवर चढून बसली; आणि पाय बाहेर काढून झटकले, तरी पडेनात. दमट हवेत ती बारा ते वीस तास जिवंत राहिली. तेवढ्या वेळात बदक किंवा बगळा हजार किलोमीटर तरी सहज उडून जाईल, असा हिशेब डार्विनने मांडला. हिवाळ्यात जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांवर चक्रवाक आणि तलवार बदके उत्तरेकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्याबरोबर न दिसणारे किती प्रवासी येत-जात असतील!

या विषयाने डार्विनला अखेरपर्यंत सोडले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन येथे जोडे तयार करण्याचा व्यवसाय करणारे वॉल्टर क्रिक नावाचे एक गृहस्थ निसर्गनिरीक्षणाच्या छंदाने भटकत असता, त्यांना एक पाणभुंगा आढळला. त्याच्या पायाला एक चिमुकला शिंपला घट्ट चावून बसला होता. पाणभुंगा पोहतो तसाच रात्री उडतोही. तेव्हा शिंपल्याला एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जावयास वाहन मिळाले ते असे! क्रिक यांनी ही हकीकत डार्विनला पत्राने कळविली. तिच्यावर आधारलेले डार्विनचे टिपण एप्रिलमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच डार्विन निवर्तला. याच क्रिक यांचा नातू फ्रान्सिस क्रिक. १९५३ साली डीएनए या जीवद्रव्याच्या रचनेचा शोध लावणाऱ्या दोघांपैकी तो एक.

शिंपल्यांना भुंग्याखेरीज आणखीही एक वाहन आहे. नदीतील शिंपला स्वतः होऊन प्रवाहाविरुद्ध वर जाऊ शकत नाही. असे असता, पुराने सगळे शिंपले केव्हाच समुद्रात वाहून जावयास हवे होते. परंतु गोड्या पाण्यातील पुष्कळ शिंपल्यांची पिले जन्मताच जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात. काही आठवडे ती त्याच्या अंगावर राहतात आणि मग गळून तळाशी पडतात. दरम्यान मासा नदीच्या वरच्या अंगाला गेलेला असतो. कोकणात पहिल्या मोठ्या पावसानंतर नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात, अंडी घालण्यासाठी. त्यांना चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. लोक ते आवडीने पकडतात. मात्र पोटात अंडी असलेला एक मासा टोपलीत पडला, की पुढच्या वर्षाचे शेकडो मासेही त्याच्याबरोबर टोपलीत पडतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

समुद्रातील जिवांची स्थिती काहीशी सोपी असते, कारण तेथे पाणी सलग. खडकाला चिकटलेले कालव जन्मभर जागचे हलत नाही; पण त्याचे बालपण भटकंतीत जाते. त्याची पिले दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि मग एखादा खडक पाहून कायमची चिकटतात. लाखो अंड्यांतून थोडीच कालवे मोठी होतात. बाकीची माशांच्या पोटात जातात किंवा खोल समुद्रात भरकटून मरतात. विशाल महासागर ओलांडण्याइतके आयुष्य त्या पिलांना नसते. म्हणूनच पॅसिफिकच्या एका काठावरचे किनाऱ्यालगतचे बहुतेक जीव दुसऱ्या काठावर पूर्वी आढळत नसत.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा किनाऱ्यावर आदळल्या. मिसावा बंदरातील तरंगते धक्के त्या लाटांनी तोडून नेले. त्यांतील सुमारे वीस मीटर लांबीचा एक धक्का पंधरा महिने महासागरात तरंगत राहिला आणि जून २०१२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्याला लागला. त्यावर जपानचे शिंपले, खेकडे, तारामासे आणि समुद्रशेवाळ जिवंत होते! ओरेगॉनच्या लोकांनी ते सर्व खरवडून काढले, वाळूत पुरले आणि धक्क्याचा पृष्ठभाग ज्वाळेने भाजून घेतला. पुढील पाच वर्षांत अशा तरंगत्या वस्तूंवरून जपानच्या किनाऱ्यावरील २८९ जातींचे जीव जिवंत स्थितीत पलीकडे पोहोचल्याची नोंद झाली. त्सुनामी पूर्वीही येत असत. पण तेव्हा समुद्रात जाई ते लाकूड, आणि लाकूड किडून बुडते. या वेळी वाहून गेले ते प्लास्टिक व फायबर. ते वर्षानुवर्षे तरंगत राहते.

ओरेगॉनच्या लोकांनी एवढी धास्ती घेण्याचे कारण काय? मोठ्या जहाजात माल नसला, की तोल राखण्यासाठी टाक्यांत पाणी भरून घेतात आणि दूरच्या बंदरात ते सोडून देतात. त्या पाण्यातून पिलेही जातात. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या परिसरातील एक पट्टेदार लहान शिंपला असाच अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत जाऊन पोहोचला. १९८८ साली तो तेथे प्रथम आढळला आणि पुढे त्याने पाणीपुरवठ्याचे नळ बुजवून टाकले, स्थानिक शिंपल्यांच्या अंगावर थर रचून त्यांना मारले. अमेरिकेतील उष्ण किनाऱ्यांवरचा काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला १९६०च्या दशकाच्या अखेरीस विशाखापट्टणम बंदरात आणि पुढे मुंबईच्या गोदीतही सापडला. जहाजांतील अशा पाण्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला व २०१७ साली अमलात आला. आपल्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णी तर दक्षिण अमेरिकेतून मुद्दाम, सुंदर फुलांसाठी म्हणून जगभर नेली गेली. पक्षी चिमूटभर चिखल नेतो. माणूस टाक्याच्या टाक्या नेतो आणि तेही रोज.

इतकी वाहने आणि इतकी धीराची अंडी असताना या जिवांना भय कशाचे, असे वाटणे साहजिक आहे. सड्यावर आज चिऱ्यांच्या खाणी निघाल्या आहेत. कोठे बागांसाठी खडक फोडून बाहेरची माती टाकतात, कोठे खळगे बुजवून रस्ते व घरे होतात. घर बांधावयाचे तर चिरा हवा आणि पोट भरावयाचे तर बागही हवी. तेव्हा या माणसांना दोष देऊन भागत नाही. परंतु हे काम बहुधा उन्हाळ्यात चालते. त्या वेळी खळगा रिकामा दिसतो आणि त्यात काही आहे अशी शंकाही कोणाला येत नाही. अंडी ऊन सोसतात, दुष्काळ सोसतात, बदकाच्या पोटातूनही काही अंडी जिवंत बाहेर पडतात. मात्र तळाची मातीच खरवडून नेली, तर अनेक वर्षांची साठवण एका दिवसात जाते. शेजारचा खळगा शाबूत असला, तर वारा आणि पक्षी तेथून नवे बियाणे आणतील. सगळा सडाच नाहीसा झाला, तर आणणार कोठून?

हे सर्व खरे की नाही, ते घरीही पडताळून पाहता येते. दरवर्षी भरून आटणारे एखादे डबके निवडावे आणि उन्हाळ्यात त्याच्या तळाची वाटीभर कोरडी माती आणावी. ती पसरट भांड्यात पसरून तीवर चार बोटे पावसाचे किंवा विहिरीचे पाणी हळूच ओतावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते वापरू नये. भांडे उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवावे आणि रोज भिंगातून पाहावे. पाहून झाल्यावर माती आणि पाणी ज्या डबक्यातले त्याच डबक्यात परत टाकावे. दुसऱ्या तळ्यात किंवा नदीत नव्हे. आठवडाभरात काहीच हलताना दिसले नाही, तर माती पूर्ण वाळू द्यावी आणि पुन्हा भिजवावी. पहिल्या पाण्याला न फसलेली काही अंडी कदाचित दुसऱ्या पाण्याला उबतील.